भाषाविज्ञान शिकून पुढे काय? वडीगोद्री परिसरातल्या पदवीधरांसाठी

वडीगोद्री, शहागड, अंबड, गेवराई या पट्ट्यात मराठी, इंग्रजी किंवा हिंदी घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलामुलींचा एक प्रश्न वर्षानुवर्षे तोच आहे. भाषेची आवड आहे, व्याकरणात गोडी वाटते, भाषाविज्ञानात एम. ए. करता येते असे कळले आहे. पण ते करून नोकरी लागेल का? त्यावर घरात आणि कॉलेजात मिळणारी उत्तरे दोनच असतात. एक, ‘ते कशाला, सरळ बी. एड. करा.’ दुसरे उत्तर मोबाईलवरच्या व्हिडिओंतून येते: ‘एआयच्या कंपन्या भाषा येणाऱ्यांना लाखांत पगार देतात.’ पहिल्या उत्तरावर विसंबलात तर एक चांगली वाट न बघताच सोडाल. दुसऱ्यावर विसंबलात, तर दोन वर्षे आणि घरचे पैसे घालून हाती फक्त प्रमाणपत्र राहण्याची भीती आहे.

वस्तुस्थिती अशी आहे की ‘भाषाविज्ञानाचा पदवीधर हवा’ असे लिहिलेल्या जाहिराती फार थोड्या निघतात, पण भाषाविज्ञान आल्याशिवाय नीट होत नाहीत अशी कामे बरीच आहेत. ती अनुवादक, भाषा-विश्लेषक, लिपीवाचक, दुभाषी, पाठ्यक्रम-सहायक, संशोधन-सहायक अशा दुसऱ्याच नावांनी निघतात, आणि प्रत्येक नावामागे पात्रतेची एक वेगळी अट असते. म्हणून एम. ए.ला प्रवेश घेण्याआधीच तुम्ही जोडीची दुसरी पात्रता ठरवली पाहिजे. या लेखातला सगळा सल्ला याच एका मुद्द्यावर उभा आहे.

हाकेच्या अंतरावरचे उदाहरण

भाषेच्या ज्ञानाला बाजारात किंमत नाही, असे म्हणणाऱ्यांनी २०२३ साली आपल्याच अंबड तालुक्यात सुरू झालेल्या घडामोडींकडे पाहावे. अंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदपत्रांमध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. आरक्षणाच्या प्रश्नावर तुमचे मत काहीही असो, इथे पाहण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. ही कागदपत्रे आजच्या मराठीत नव्हती. १७ सप्टेंबर १९४८पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता, संस्थानाचा कारभार उर्दूत चाले आणि गावपातळीवरच्या पुष्कळ नोंदी मोडी लिपीत होत. त्यामुळे महसूल खात्याच्या अभिलेख कक्षांमध्ये कागद होते, पण ते वाचणारी माणसे अपुरी होती. जिल्हा प्रशासनांना मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली.

ही गरज एका समितीपुरती नाही. जमिनीचे वाद, वारसाच्या नोंदी, देवस्थान आणि वक्फच्या मालमत्ता, जुने खासरे यांसाठी जुनी लिपी वाचून तिचा विश्वासार्ह मराठी मजकूर करून देणारा माणूस वकिलांना आणि पक्षकारांना कायम लागतो. लिपी वाचता येणे आणि भाषा समजणे यांत मात्र फरक आहे. मोडीची अक्षरे काही महिन्यांच्या सरावाने लागतात. पण शंभर वर्षांपूर्वीच्या मराठीतली फार्सी-अरबी परिभाषा, शब्दांची संक्षिप्त रूपे, एकाच नावाचे चार प्रकारचे लेखन, हे उकलताना ध्वनिबदल आणि भाषासंपर्काचा अभ्यास कामी येतो. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडी लिपीचे प्रशिक्षण देते. भाषाविज्ञानाला मोडी आणि उर्दू लिपीची जोड दिलेला माणूस जालना, बीड, परभणी या जिल्ह्यांत दुर्मीळ आहे, आणि हे काम आपल्या जिल्ह्यात राहूनच करता येते. यात महिन्याचा पगार बहुतेक वेळा नसतो, कामागणिक मोबदला असतो, हे आधीच लक्षात घ्या.

विषयाच्या नावाने मिळणाऱ्या जागा

आता थेट मार्ग पाहू. महाविद्यालयात किंवा विद्यापीठात भाषाविज्ञान शिकवण्यासाठी पदव्युत्तर पदवी आणि यूजीसी नेट लागते. नेटमध्ये भाषाविज्ञान हा स्वतंत्र विषय असून त्याचा क्रमांक ३१ आहे. ज्युनियर रिसर्च फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता, असा २०२३पासूनचा दर आहे. पीएच. डी. करण्याच्या काळात घर चालेल एवढा हा आधार आहे, आणि गुणवत्तेवर मिळवता येतो. पण त्यानंतर कायम नोकरीच्या जागा किती, हे विचारलेच पाहिजे. महाराष्ट्रात भाषाविज्ञानाचे स्वतंत्र विभाग बोटांवर मोजण्याइतके आहेत. पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबई विद्यापीठ ही त्यांतली मुख्य नावे. तुमच्या आसपासच्या कॉलेजात भाषाविज्ञान हा मराठीच्या किंवा इंग्रजीच्या अभ्यासक्रमातला एखादा पेपर असतो. तो शिकवण्यासाठी त्या त्या भाषेचे एम. ए. आणि त्याच विषयातले नेट किंवा सेट मागतात. मराठीचे प्राध्यापक व्हायचे पक्के असेल तर एम. ए. मराठीतच करा आणि भाषाविज्ञानाचे पेपर विशेष म्हणून निवडा. उलट क्रमाने गेलात तर मुलाखतीच्या आधी, छाननीतच अर्ज बाजूला पडू शकतो. मराठीच्या जागांचीही स्थिती फार उत्साहाची नाही. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकवणारे नेट-सेटधारक तुम्ही आपल्याच कॉलेजात पाहिले असतील.

संशोधन संस्थांतली कामे थोडी अधिक आहेत, पण ती प्रकल्पाच्या मुदतीची असतात. म्हैसूरची भारतीय भाषा संस्था १९६९ साली स्थापन झाली. भाषिक विदासंग्रह, राष्ट्रीय अनुवाद अभियान, नामशेष होत चाललेल्या भाषांचे दस्तऐवजीकरण असे उपक्रम ती चालवते आणि त्यांसाठी कंत्राटी जागा काढते. डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रण करणे, त्याचे लिप्यंतर करणे, शब्दांचे आणि रूपांचे नकाशे बनवणे, अशी त्यातली कामे आहेत. अशा प्रकल्पातली दोन-तीन वर्षे म्हणजे कायम नोकरी नव्हे, हा आक्षेप खरा आहे. पण या क्षेत्रात पुढचे काम बहुधा मागच्या प्रकल्पातल्या कामावरून मिळते. म्हणून पहिली दोन वर्षे पगारापेक्षा कामाच्या दर्जाकडे बघून प्रकल्प निवडणे शहाणपणाचे, अर्थात घरची परिस्थिती तेवढी सवड देत असेल तर.

उघडी वाटणारी पण बंद असलेली दारे

इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. पदवी भाषेची, पद भाषेचे, तरी अर्ज बाद, असा अनुभव अनेकांच्या वाट्याला येतो, कारण जाहिरातीतली पात्रता शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेली नसते. नेहमी फसवणारी दारे ही:

- बँकांमधील राजभाषा अधिकारी. आयबीपीएसच्या जाहिरातीत हिंदीत पदव्युत्तर पदवी आणि पदवीला इंग्रजी विषय, किंवा संस्कृतात पदव्युत्तर पदवी आणि पदवीला इंग्रजी व हिंदी, अशी मागणी असते. भाषाविज्ञानाचे एम. ए. यात बसत नाही.
- केंद्र सरकारचे हिंदी अनुवादक. कर्मचारी निवड आयोगाच्या या परीक्षेला हिंदी-इंग्रजीखेरीज इतर विषयातले एम. ए.सुद्धा चालते, पण अटी आहेत. एम. ए. इंग्रजी माध्यमातून झाले असेल आणि पदवीला हिंदी विषय असेल, तर पात्रता जुळू शकते. वर अनुवादाची पदविका किंवा दोन वर्षांचा अनुभव लागतो. बी. ए.च्या पहिल्या वर्षाला असाल तर हिंदी सोडण्याआधी हे आठवा.
- वाचा-उपचार. बोलण्यात अडचण असलेल्या मुलांवर उपचार करणारे तज्ज्ञ व्हायचे असेल तर भाषाविज्ञानाच्या पदवीने ते होत नाही. त्यासाठी बारावी विज्ञाननंतरचा श्रवण व वाचा-भाषा विकृतीचा पदवी अभ्यासक्रम आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था हा अभ्यासक्रम चालवते. ‘सहा महिन्यांत स्पीच थेरपिस्ट’ अशा जाहिरातींच्या नादी लागू नका. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे कायद्याने गुन्हा आहे.
- स्पर्धा परीक्षेचा वैकल्पिक विषय. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत भाषाविज्ञान हा वैकल्पिक विषय नाही. मराठी साहित्य आहे, आणि त्यात भाषेच्या इतिहासाचा भाग येतो, तेवढाच उपयोग.
- शाळेतील शिक्षक. बी. एड.ची अध्यापन पद्धती पदवीच्या विषयावरून ठरते आणि भाषाविज्ञान हा शालेय विषय नाही. पदवीला मराठी, इंग्रजी किंवा हिंदी असेल तरच हा मार्ग पुढेही मोकळा राहतो.

एम. फिल.बद्दलही अजून विचारणा होते. यूजीसीने २०२२च्या नियमावलीत ही पदवी बंद केली आहे. कोणी प्रवेश देऊ करत असेल तर पैसे भरू नका.

संगणक, एआय आणि आपली बोली

आता सर्वांत जास्त बोलल्या जाणाऱ्या क्षेत्राकडे येऊ. यंत्राला भाषा शिकवण्याच्या कामात भाषाविज्ञान लागते का? काही वर्षांपूर्वी यंत्रे नियमांवर चालत, तेव्हा व्याकरण लिहिणारा माणूस थेट लागायचा. आता यंत्रे प्रचंड मजकुरातून आपसूक शिकतात, म्हणून भाषावैज्ञानिकाची गरज संपली असे सांगितले जाते. इंग्रजीपुरता हा युक्तिवाद बराच खरा आहे. मराठीला तो तसाच लावता येत नाही, कारण तो गृहीत धरतो तेवढा प्रचंड डिजिटल मजकूरच मराठीत नाही. २०११च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा नोंदवली. जगभरच्या भाषांचे वाक्यविश्लेषण एकाच पद्धतीने करणारा ‘युनिव्हर्सल डिपेंडन्सीज’ नावाचा खुला संग्रह आहे. त्यातल्या हिंदीच्या मुख्य वृक्षकोशात (विश्लेषित वाक्यांच्या संचात) साडेसोळा हजारांहून अधिक वाक्ये आहेत, तर मराठीच्या यूएफएएल वृक्षकोशात पाचशेही नाहीत. एवढ्या मोठ्या भाषेचे इतके थोडे साहित्य हा मराठीच्या दृष्टीने अन्याय आहे. तुमच्यासाठी मात्र ते न झालेले काम आहे.

प्रमाण मराठीची ही स्थिती, तर मराठवाड्याच्या बोलीची कल्पना करा. ‘करायलोय’, ‘जाऊलालो’ ही रूपे लाखो लोकांच्या तोंडी आहेत, पण लिखित मजकुरात ती जवळपास नाहीत, म्हणून यंत्राच्या शिकवणीतही नाहीत. शेतकऱ्याने फोनवर पीकविम्याची तक्रार बोलून नोंदवायची असेल तर यंत्राला हीच बोली कळायला हवी. केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केलेले भाषिणी अभियान, मद्रास आयआयटीचा एआयफोरभारत गट, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने गूगलच्या साहाय्याने हाती घेतलेला, देशातल्या सर्व जिल्ह्यांतून बोलीचे नमुने गोळा करणारा ‘वाणी’ प्रकल्प, मुंबई आयआयटीतला मराठी वर्डनेट, पुण्याची सी-डॅक, या सगळ्यांच्या कामात भाषेची जाण असलेले लोक लागतात. तांड्यावरची गोरमाटी आणि अंबड-जालन्यातली दख्खनी यांचे साहित्य तर मराठीच्याही कितीतरी मागे आहे. तुमची घरची भाषा यांपैकी एक असेल तर ती लपवू नका, अर्जात पहिल्या पानावर लिहा. आपली बोली ‘अशुद्ध’ आहे हा शाळेत मनावर ठसवलेला समज या क्षेत्रात उलट ठरतो: ज्या रूपांसाठी मार्क कापले गेले, तीच रूपे टिपून, त्यांचा नियम मांडून दाखवणाऱ्याला इथे किंमत आहे.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला असा की यातले बरेचसे काम हलक्या दर्जाचे आहे: दिवसभर वाक्यांना खुणा करणे, ध्वनिमुद्रण ऐकून उतरवणे, तासावर किंवा नगावर पैसे, आणि प्रकल्प संपला की काम बंद. हे खरे आहे, आणि त्यावरच आयुष्य बेतू नये. पण त्याच साखळीत वरच्या पायरीची कामेही आहेत: खुणा करण्याचे नियम लिहिणे, इतरांचे काम तपासणे, यंत्राच्या चुकांचे वर्गीकरण करणे, बोलीनुसार नमुने कसे निवडायचे ते ठरवणे. भाषा नुसती येणाऱ्या माणसाला खालची पायरी मिळते. वरच्या पायरीला भाषेची रचना समजावून सांगता यावी लागते, आणि एम. ए.ने तुम्हाला दिलेली गोष्ट नेमकी तीच आहे. दुसरा आक्षेप: हे सगळे पुण्या-बंगळूरच्या इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी आहे. मुलाखती आणि कागदपत्रे इंग्रजीत असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. फर्डे बोलता आले नाही तरी चालेल, पण इंग्रजीत स्वच्छ, चुका नसलेला अहवाल लिहिता आलाच पाहिजे. एम. ए.ची दोन वर्षे त्यासाठीही वापरा.

जोडीला काय शिकाल? क्रमाने सांगायचे तर:

1. युनिकोड देवनागरीत वेगाने, अचूक टंकलेखन. हे नसेल तर पुढचे काहीच नको.
2. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी, आणि प्रात व एलान ही दोन मोफत साधने. ध्वनिमुद्रणाचे विश्लेषण आणि लिप्यंतर यांवर होते.
3. पायथनची तोंडओळख: मजकूर शोधणे, मोजणे, वेगळा काढणे. अभियंता होण्याची गरज नाही. स्वयम्-एनपीटीईलवर अभ्यासक्रम मोफत आहेत, प्रमाणपत्राच्या परीक्षेलाच शुल्क लागते.
4. दाखवता येईल असे स्वतःचे काम. गावातल्या पाच वयस्क माणसांची परवानगी घेऊन केलेले दोन तासांचे ध्वनिमुद्रण, त्याचे नीट लिप्यंतर आणि दहा पानी टिपण एवढे जरी असले तरी ते गुणपत्रिकेपेक्षा जास्त बोलते. मराठी विकिपीडिया, विक्शनरी, मोझिलाचा कॉमन व्हॉइस हे खुले प्रकल्पही सरावासाठी आहेत.

अनुवाद, दुभाषी आणि खुणांची भाषा

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. त्यामुळे राज्याचा कारभार मराठीत चालवण्याचे बंधन जुनेच आहे. भाषा संचालनालय १९६०पासून अनुवाद आणि परिभाषेचे काम करते. संचालनालय, विधिमंडळ, उच्च न्यायालय, आणि छत्रपती संभाजीनगरला असलेले त्याचे खंडपीठ यांत अनुवादकांची पदे असतात. जाहिराती अधूनमधून निघतात, जागा मोजक्या असतात आणि परीक्षा भाषांतराचीच असते. पदवीचा विषय कोणताही चालणाऱ्या जाहिरातीत भाषाविज्ञानाचा अभ्यास तुम्हाला आतून मदत करतो. कागदावर त्याचे वेगळे गुण मिळत नाहीत. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याआधी मार्च २०२४मध्ये राज्याचे मराठी भाषा धोरण आले, आणि रिद्धपूरला मराठी भाषेचे विद्यापीठ सुरू झाले. यांतून कामे वाढतील अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. पण जागा मंजूर होऊन जाहिरात निघेपर्यंत त्या भरवशावर वर्ष वाया घालवू नका.

खासगी अनुवादाचे दर यंत्र-भाषांतरामुळे खाली आले आहेत, हे मान्य करूनच या क्षेत्रात उतरा. सरळ मजकुराचे भाषांतर यंत्र करते आणि माणसाकडे तपासणीचे काम येते, तेही कमी दराने. टिकून राहते ते विषयाचे ज्ञान लागणारे काम: न्यायालयीन कागद, जमिनीचे दस्त, वैद्यकीय संमतिपत्रे, कृषी पुस्तिका. कोणताही एक विषय निवडा आणि त्याची परिभाषा पक्की करा. सगळ्या विषयांचे थोडे थोडे करणाऱ्याचा दर यंत्र ठरवते. आकाशवाणीच्या प्रादेशिक वृत्तविभागांत हंगामी वृत्तनिवेदक-अनुवादक घेतात. उत्पन्न किरकोळ असते, पण बोलण्या-लिहिण्याची शिस्त लागते.

एका मार्गाकडे फार थोड्यांचे लक्ष जाते, म्हणून तो मुद्दाम सांगतो: भारतीय सांकेतिक भाषा. दिल्लीचे भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली सुरू झाले. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यासाठी पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली दोन वर्षांची पदविका आहे, ती बारावीनंतर कोणत्याही शाखेतून करता येते आणि मुंबईतही उपलब्ध आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यामुळे शाळा, न्यायालये, रुग्णालये, दूरचित्रवाणी यांना दुभाष्यांची गरज आहे, आणि प्रशिक्षित माणसे गरजेच्या मानाने नगण्य आहेत. भाषाविज्ञानाच्या पदवीधराने ही पदविका केली तर दुभाष्याच्या कामाबरोबरच अध्यापन आणि कोशनिर्मितीही त्याच्या आवाक्यात येते. मराठवाड्यातल्या मूकबधिर मुलांच्या शाळांना तर अशी माणसे मिळत नाहीत.

मुलांच्या भाषाशिक्षणाचे कामही याच रांगेतले. पालघर जिल्ह्यातली क्वेस्ट, देशभर चालणारी प्रथम, अशा संस्था वाचन शिकवण्याच्या पद्धतींवर काम करतात. घरी गोरमाटी आणि शाळेत प्रमाण मराठी, अशा वर्गासाठी पाठ कसे लिहायचे हे ठरवायला भाषाविज्ञान लागते. ऊसतोडीच्या हंगामात अर्धे वर्ष गावाबाहेर असणाऱ्या मुलांसाठी तर हे काम आपल्या जिल्ह्यात ठिकठिकाणी व्हायला हवे.

कुठे शिकाल, पैसे कुठून आणाल

पुणे आणि मुंबई ही नावे पहिल्यांदा सुचतात, पण हैदराबादचाही विचार करा. हैदराबाद विद्यापीठ, उस्मानिया आणि इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ या तिन्ही ठिकाणी भाषाविज्ञान आहे, आणि जालना स्टेशनवरून सिकंदराबाद मार्गाची थेट गाडी आहे. केंद्रीय विद्यापीठांत शुल्क कमी आणि वसतिगृह परवडणारे असते. दिल्लीचे जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठही याच गटात. त्यांपैकी बहुतेकांचा प्रवेश सीयूईटी-पीजी या सामाईक परीक्षेतून होतो. तिचे अर्ज बी. ए.च्या निकालाच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच भरून घेतात. निकाल लागल्यावर चौकशी सुरू करणाऱ्यांचे वर्ष इथेच जाते. संगणकाची जोड घ्यायची असेल तर प्रवेशाआधी त्या विभागाचा अभ्यासक्रम मागवून संगणकीय भाषाविज्ञानाचा पेपर खरोखर शिकवला जातो का, ते शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा.

पैशांसाठी महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृह भत्ता, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, आणि पीएच. डी.साठी बार्टी, सारथी, महाज्योती व टीआरटीआय यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. राज्याबाहेरचे किंवा अभिमत विद्यापीठ असेल तर कोणती योजना लागू होते ते समाजकल्याण कार्यालयात प्रवेशाआधी विचारून घ्या. जातवैधता, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर ही कागदपत्रे अंबड तहसीलच्या फेऱ्यांत अडकतात, म्हणून ती बी. ए.च्या दुसऱ्याच वर्षी तयार ठेवा.

करार, मोबदला आणि तुमचे हक्क

या क्षेत्रात बरेच काम नोकरीऐवजी कंत्राटावर असल्याने हक्क माहीत नसलेला माणूस लवकर नाडला जातो. काम देण्याआधी ‘नोंदणी शुल्क’, ‘प्रशिक्षण शुल्क’ किंवा ‘अनामत’ मागणारा कोणीही खरा काम देणारा नसतो. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता कमी. चाचणी म्हणून दोन-तीनशे शब्द फुकट करून देणे रीतीला धरून आहे. चाळीस पाने मागितली तर ती चाचणी नव्हे.

भाषांतराला कॉपीराइट अधिनियम १९५७नुसार स्वतंत्र संरक्षण आहे. नोकरीत असताना त्या नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचे हक्क, करारात वेगळे नसेल तर, मालकाकडे जातात. स्वतंत्रपणे केलेल्या कामाचे हक्क मात्र लेखी करार केल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाहीत. करारात मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांपुरते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते दिले, असे कायदा मानतो. हक्क विकले तरी अनुवादक म्हणून आपले नाव मागण्याचा अधिकार कलम ५७नुसार तुमच्याकडेच राहतो. प्रकाशकाशी बोलताना हे शांतपणे सांगा. पुष्कळदा तेवढ्यानेच नाव छापले जाते.

मोबदला रखडू नये म्हणून काम सुरू करण्याआधी उद्यम नोंदणी करून ठेवा. ती सरकारी पोर्टलवर मोफत आहे. एजंटला पैसे देण्याचे कारण नाही. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे भारतातल्या ग्राहकाने, लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि मुदत ठरलेलीच नसेल तर १५ दिवसांत द्यावेत, असे २००६चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो. उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते आणि ऑनलाइन दावा दाखल करता येतो. परदेशी कंपनीवर याचा इलाज चालत नाही, म्हणून त्यांचे काम छोट्या हप्त्यांत घ्या आणि पहिल्या हप्त्याचे पैसे आल्यावरच पुढचे पाठवा.

आणि तुम्ही स्वतः गावातल्या माणसांचे आवाज मुद्रित करणार असाल, तर त्यांचेही हक्क आहेत. मुद्रण कशासाठी, कोणाला देणार, पुढे विकले जाणार का, हे त्यांच्या भाषेत सांगून लेखी संमती घ्या आणि संमतीची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ साली संमत झाला असून संमती मागे घेण्याचा अधिकार त्यात आहे. कंपनी तुम्हाला तासामागे पैसे देत असेल तर बोलणाऱ्याचा वाटा त्यातून किती, हे कराराआधी ठरवा आणि त्या कागदावर लिहून घ्या. लहान मुलांचे मुद्रण पालकांच्या संमतीशिवाय करू नका, आणि तक्रार, आजार किंवा घरगुती वाद असा मजकूर मुद्रणात आला तर तो भाग देण्याआधी काढून टाका.